अर्धा चमचा पावडर

पंधरा वर्षं डाएटिशियन म्हणून काम करतेय, पण पेशंटची सरळ माफी मागायची वेळ एकदाच आली आणि तो पेशंट होता दहा वर्षांचा.

हा मुलगा मोजून पाच गोष्टी खायचा. एका ठराविक कंपनीचं बिस्किट, कडा काढलेला ब्रेड, नुसता उकडलेला पास्ता, चीज स्लाइस आणि थंड दूध. दूध मात्र भरपूर, दिवसाला अर्धा लिटर तरी. तुटलेलं बिस्किट चालायचं नाही, पॅकेटचा रंग बदलला की आतलं बिस्किट तेच असलं तरी बाद. वजन उंचीच्या मानाने ठीक होतं, त्यामुळे आधी जिथे जिथे दाखवलं तिथे एकच उत्तर मिळालं, लाड कमी करा, भूक लागली की झक मारत खाईल. आईबाबांनी तेही करून बघितलं. दीड दिवस पोरगं पाण्यावर राहिलं, हट्ट नाही, आरडाओरडा नाही, नुसतं पडून. शेवटी आईच रडायला लागली.

माझ्याकडे आले ते ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं म्हणून. यादी बघितली तर फळ नाही, भाजी नाही, मग व्हिटॅमिन सी येणार कुठून. रिपोर्टमध्ये सी अगदी तळाला, आयर्न आणि डी पण कमी. स्कर्व्ही, म्हणजे सी कमी पडल्याने होणारा आजार, म्हटलं की आपल्याला जुन्या काळचे खलाशी आठवतात, इथे समोर शाळेचं दप्तर घेतलेला मुलगा. बालरोगतज्ज्ञ सोबत होतेच, त्यांनी आणि सायकॉलॉजिस्टने मिळून निदान केलं, अव्हॉइडंट रिस्ट्रिक्टिव्ह फूड इनटेक डिसऑर्डर, म्हणजे खाणं टाळण्याचा, मोजकंच खाण्याचा आजार, आम्ही आर्फिड म्हणतो. डीएसएममध्ये, म्हणजे मानसिक आजारांचं निदान ज्यावरून करतात त्या पुस्तकात, हे नाव आलं २०१३ साली, म्हणजे मी शिकत होते तेव्हा पुस्तकात हा शब्दच नव्हता, नखरे करतो म्हणून विषय संपायचा. बारीक व्हायचंय म्हणून न खाणं वेगळं, इथे आरशाचा काही संबंध नसतो. कुणाला वास किंवा तोंडातला स्पर्श सहन होत नाही, कुणाला एकदा घास अडकल्यापासून गिळायचीच भीती बसते, कुणाला भूकच जाणवत नाही, आणि एकाच माणसात हे सगळं एकत्रही असू शकतं. मोठ्या माणसांतही असतं बरं का, ते फक्त लपवायला शिकलेले असतात.

आता माझा पराक्रम. रिपोर्ट बघून मी घाबरले आणि आईला सांगितलं की बिनवासाची, बिनचवीची पावडर मिळते, दुधात अर्धा चमचा टाका, कळणारही नाही. चौथ्या दिवशी फोन आला. "मॅडम, त्याने एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. तेव्हापासून दूध बंद. साधं दिलं तरी हात लावत नाही." मी खुर्चीत बसल्या बसल्या हिशोब करायला लागले, अर्धा लिटर दूध म्हणजे साधारण १६ ग्रॅम प्रोटीन आणि ६०० मिलीग्रॅम कॅल्शियम, आणि ते सगळं माझ्या अर्ध्या चमच्याने गेलं. ज्या मुलाकडे पाचच गोष्टी आहेत त्याच्या एका गोष्टीला मी हात लावला होता, आणि तोही चोरून. बाकीच्यांना मी हेच करू नका म्हणून सांगत असते, हे विशेष.

पुढच्या व्हिजिटला तो आला आणि दाराकडे तोंड करून बसला. आई काहीतरी सारवासारव करायला लागली, तिला थांबवलं आणि त्याला म्हटलं, "दुधात पावडर टाकायला मी सांगितलं होतं. आईने नाही ठरवलं. तुला न विचारता केलं, चूक माझी आहे, सॉरी."

बराच वेळ काहीच नाही. मग भिंतीकडे बघतच विचारलं, "बिस्किटात पण टाकलंय?"

मला खरंच गलबलून आलं. म्हणजे इतके दिवस हा बिस्किटंपण संशयाने खात होता. आईच्या पर्समध्ये त्याचं न फोडलेलं पॅकेट होतं ते त्याच्या हातात दिलं. त्याने उलटंसुलटं करून बघितलं, दोन्ही टोकांचं सील नखाने चाचपलं, फोडलं, एक बिस्किट काढलं आणि माझ्यासमोर धरलं. "आधी तुम्ही." मी खाल्लं. त्याने माझं चावणं बघितलं, गिळणं बघितलं, मग स्वतः घेतलं.

त्यानंतर पावडर, ड्रॉप्स, सिरप सगळं टेबलावर मांडून नावानिशी सांगितलं की हे औषध आहे, खाण्यात मिसळणार नाही, तूच बघ कसं घ्यायचं. मला वाटलं होतं सिरप घेईल, मुलांना गोळ्या आवडत नाहीत ना. त्याने गोळ्यांची स्ट्रिप उचलली. प्रत्येक गोळी वेगळ्या कप्प्यात बंद, सगळ्या एकसारख्या, कुणी मध्ये हात घालू शकत नाही. मला कधी सुचलंच नसतं. स्ट्रिप आईकडे राहील पण फोडणार तो, असं ठरलं, आणि पाण्याच्या घोटाबरोबर पहिली गोळी तिथेच घेतली.

हिरड्यांतलं रक्त पुढच्या काही दिवसांतच थांबलं. खाण्याचं काम मात्र मुंगीच्या पावलाने चाललंय. तोच ब्रेड, जरासा भाजलेला. बघायचा, दाबायचा, हुंगायचा, वाटलं तर जीभ लावायची, थुंकायलाही परवानगी. छान किंवा घाण म्हणायचं नाही, फक्त कसा आहे ते सांगायचं. गेल्या वेळी म्हणाला, "आवाज करतो." तीन आठवड्यांत एवढंच झालं आणि मी त्यावर खूश आहे.

दूध अजून सुरू झालेलं नाही. परवा आईचा मेसेज आला, ग्लास बदलून बघू का? मी लिहिलं, त्याला विचारा.