तुम्ही विचारलंत म्हणून: ऑर्डरच्या आतलं शहर

जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणारी मुलं मला हमखास विचारतात, "क्लास लिहिता येतो, ऑब्जेक्ट बनवता येतो, पण ऑब्जेक्टच्या आत ऑब्जेक्ट आला की गोंधळ उडतो. आतल्या व्हॅल्यूपर्यंत पोचायचं कसं?"

समजा, ऑर्डरमध्ये कस्टमर हे फील्ड आहे, कस्टमरमध्ये अ‍ॅड्रेस आणि अ‍ॅड्रेसमध्ये सिटी. शहर हवं तर ओळ होते: ऑर्डर.गेटकस्टमर().गेटअ‍ॅड्रेस().गेटसिटी(). ती पाठ करू नका. डावीकडून वाचा आणि प्रत्येक डॉटपाशी थांबून विचारा, आत्ता हातात कुठल्या टाइपचा ऑब्जेक्ट आहे? गेटकस्टमर() झालं की हातात कस्टमर आला, ऑर्डर सुटली; आता कस्टमरच्याच मेथड चालणार. कंपायलरही हेच तपासतो.

तो एक गोष्ट मात्र तपासत नाही. कस्टमर ऑर्डरच्या 'आत' असतो असं आपण म्हणतो, पण फील्डमध्ये असतो तो फक्त रेफरन्स, म्हणजे खरा ऑब्जेक्ट कुठे आहे ते दाखवणारा दुवा. दहा ऑर्डरींत एकाच कस्टमरचा रेफरन्स असेल आणि एकीतून तुम्ही त्याचा पत्ता बदललात, तर केव्हाच पोचवून झालेल्या ऑर्डरींवरही नवा पत्ता दिसू लागतो. हे नीट उमगलं की निम्मी लढाई जिंकलीत.

शिवाय रेफरन्स नल, म्हणजे कुठल्याच ऑब्जेक्टकडे न नेणारा, असू शकतो. दुकानातूनच माल घेऊन जाणाऱ्याचा पत्ता कुणी भरलेलाच नसतो. मग गेटअ‍ॅड्रेस() नल देतं आणि त्यावर गेटसिटी() लावलं की नलपॉइंटरएक्सेप्शन ही एरर! पूर्वी फक्त ओळीचा नंबर मिळायचा. साखळी नेमकी कुठे तुटली ते शोधत बसावं लागायचं. 2020 मध्ये जावा 14 ने कुठल्या मेथडने नल दिलं हे सांगण्याची सोय आणली, आणि जावा 15 पासून ती आपोआप चालू असते. म्हणून एररचा मेसेज शेवटपर्यंत वाचा.

डॉट टाळायला काही जण 'ऑर्डर एक्स्टेंड्स कस्टमर' लिहितात, म्हणजे ऑर्डरला कस्टमरचाच एक प्रकार बनवून त्याच्या सगळ्या मेथड वारशाने घेतात. कृपा करून नको. ऑर्डरला कस्टमर असतो. ऑर्डर म्हणजे कस्टमर नव्हे. खुद्द जावाच्या लायब्ररीत स्टॅक (जिथे फक्त वरूनच ठेवायचं-काढायचं असतं अशी चळत) हा व्हेक्टरला (कुठेही भर घालता येणाऱ्या यादीला) एक्स्टेंड करतो, त्यामुळे स्टॅकच्या मधोमधही काहीही घुसवता येतं.

साखळी दहा ठिकाणी लिहावी लागत असेल, तर ऑर्डरमध्येच गेटडिलिव्हरीसिटी() अशी मेथड द्या. पत्ता नसेल तर काय करायचं, हेही तिथेच एकदा ठरवा.