काळं बॉनेट, जळकी धार आणि परवडणारं बफिंग मशीन

गाडी काळी सेडान, पेंट कंपनीचाच. दारांवर पेंट गेज (रंगाच्या थराची जाडी मोजणारं यंत्र) ११० ते ११५ मायक्रॉन दाखवत होता, बॉनेटच्या मधोमध ९६ आणि बॉनेटवरच्या उंचवट्याच्या धारेवर फक्त ६०. धारेवर बोटभर रुंदीचा मळकट पट्टा होता. पांढऱ्या पॅडवर थेंबभर पॉलिश घेऊन तिथे हाताने हलकेच चोळलं आणि पॅड काळा झाला. क्लिअरकोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, शाबूत असता तर रंग उतरलाच नसता. म्हणजे तिथला क्लिअर संपला होता, आणि त्यावर कुठलंही पॉलिश किंवा वॅक्स चालत नाही. बॉनेट पुन्हा रंगवावं लागणार होतं.

मालकाने चार इंची ग्राइंडरला वेलक्रो प्लेट बसवून घरीच कंपाउंड (ओरखडे घासून काढणारं खरखरीत पॉलिश) मारलं होतं. असा ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेऱ्या घेतो. रोटरी, म्हणजे नुसता गोल फिरणारा पॉलिशरसुद्धा कंपाउंडिंगला आम्ही १,००० ते १,५०० वरच ठेवतो. क्लिअरकोट सहसा ४०-५० मायक्रॉनचा. ओला पेंट धारेवरून मागे ओढला जातो, त्यामुळे तिथे तो आणखी पातळ बसतो. त्यात पॅडचा सगळा दाब आणि उष्णता त्या अरुंद रेषेवर येते. बाकी बॉनेटवर उन्हात बारीक ओरखड्यांची जाळी दिसत होती, ती मात्र निघण्यासारखी होती.

"दादा, बजेट कमी आहे. नेमकं कोणतं मशीन घेऊ?" त्यांनी विचारलं.

घरच्या वापराला माझं उत्तर ठाम आहे: ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे डीए, ८ मिमी थ्रोचं (थ्रो म्हणजे पॅड जेवढ्या घेरात डगमगतो त्याचा व्यास), ५ इंची प्लेटचं. यात पॅड स्वतःभोवती फिरता फिरता डगमगतोही, त्यामुळे उष्णता एका जागी साठत नाही. १५ मिमी थ्रो सपाट छतावर भराभर काम करतो, पण स्वस्त मशीनमध्ये तो वळणावर अडतो आणि हात बधिर करतो. वॅटच्या आकड्याला भुलू नका. वेग कमी-जास्त करायचा डायल, हळू सुरू होणारी मोटर, बदलता येणारे कार्बन ब्रश आणि बाजारात सुटी मिळणारी बॅकिंग प्लेट (जिच्यावर पॅड चिकटतो ती), एवढं पाहा. डीएवर मूळ मापापेक्षा मोठी प्लेट चढवू नका. आतलं वजन मूळ मापाला जुळवलेलं असतं, बदललं की थरथर वाढते. दहा इंची, कापडी टोपीचं 'वॅक्सर' मशीन स्वस्त आहे खरं, पण ते वॅक्स पसरवण्यापुरतं. ओरखडे त्याने निघत नाहीत.

उरलेले पैसे पॅडमध्ये घाला. एका सेडानला कंपाउंडचे किमान तीन-चार फोम पॅड लागतात. एकच पॅड सगळ्या गाडीवर फिरवला की तो कंपाउंडने चोंदतो, तापतो, आणि मग लोक मशीनला दोष देतात.

त्याच गाडीच्या डिकीवर त्यांना करून दाखवलं. गाडी सावलीत, पत्रा गार. आधी धुऊन क्ले बार (पत्र्यावर चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी), मग रबरांवर आणि धारांवर मास्किंग टेप. प्लेटच्या कडेला मार्करने एक रेघ ओढली. ही युक्ती फुकटची आहे आणि फार मोलाची: रेघ फिरताना दिसली तर पॅड फिरतोय, ती जागच्या जागी थरथरली तर दाब जास्त आहे. पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब, दीड बाय दीड फुटाचा चौकोन, डायलच्या १ नंबरवर पसरवायचं, मग ४-५ नंबरवर आडवे-उभे चार फेरे. सेकंदाला इंचभर, याहून घाई नको. पुसून टॉर्चखाली पाहायचं. जाळी गेली असेल तर तिथेच थांबायचं, कारण प्रत्येक फेऱ्याला क्लिअर थोडा थोडा जातोच.

वॅक्ससाठी मऊ पॅड, १-२ नंबर आणि पातळ थर. जाड थर लावला तर चकाकी वाढत नाही, फक्त पुसताना जीव जातो.