पावत्यांची फाइल

“पण मॅडम, त्यांनी माझ्यावर कधी हात उचलला नाही हो.”

खुर्चीत टेकायच्या आधीच बाईंनी सांगून टाकलं. वकिलांनी आपल्याला उगाच पाठवलंय, असा सूर. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मी अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ आहे. इमिग्रेशनच्या केसेससाठी मानसिक मूल्यमापनाचे अहवाल लिहिते. कुणी आश्रय मागत असतं, कुणाच्या नवऱ्याला देशाबाहेर जावं लागणार असतं. या बाई ‘व्हावा’वाल्या, म्हणजे ‘व्हायोलन्स अगेन्स्ट विमेन अ‍ॅक्ट’खाली, महिलांवरच्या हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याखाली अर्ज करणाऱ्या. १९९४च्या या कायद्याच्या नावात फक्त महिला असल्या तरी पुरुषांनाही तो लागू आहे. छळ करणारा जोडीदार अमेरिकन नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असेल, तर त्याच्या सहीशिवाय, त्याला पत्ता लागू न देता अमेरिकेत राहण्यासाठी स्वतःचा अर्ज करता येतो. आणि छळ म्हणजे नुसती मारहाण नाही, ‘अत्यंत क्रूरता’ही त्यात येते.

मी नेहमीचं सांगितलं: मी इथे तुमच्यावर उपचार करायला बसलेली नाही, तुम्ही बोलाल ते अहवालात येऊ शकतं. मग नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली काढली.

“गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटत नाही, असं किती दिवस झालं?”

“रस काय... कामं होतात की सगळी.”

“झोप?”

“लागते की. तीनला जाग येते, मग नाही लागत.”

आता यावर खूण कुठे करायची? २७ पैकी बेरीज आली ७. म्हणजे सौम्य. उमेदवारीच्या काळात मी हा आकडा टाकून, खाली ‘शांतपणे बोलल्या’ असं लिहून मोकळी झाले असते. तो ‘शांतपणे’ कितीजणांना महाग पडला असेल, कोण जाणे.

कागद बाजूला ठेवून विचारलं, “जीव घाबरा होतो का कधी?”

“रोज. साडेपाचला.”

“साडेपाचलाच?”

“ते सहाला येतात ना. पावत्या लावायच्या असतात.”

बाईंना घर सोडून चार महिने झाले होते. मावसबहिणीकडे राहत होत्या. तरी साडेपाच वाजले की हात गार पडायचे.

दुसऱ्या भेटीला त्या फाइल घेऊनच आल्या. तीन वर्षांच्या किराणा-औषधांच्या पावत्या, तारखेवार लावलेल्या. या कागदावरची शाई उडते, म्हणून प्रत्येकीच्या मागे बॉलपेनने आकडे उतरवून ठेवलेले. पुढच्या बाजूला प्रत्येक वस्तूसमोर नवऱ्याच्या लाल पेनची बरोबरची खूण. एका पावतीवर सॅनिटरी पॅडच्या पाकिटासमोर मात्र प्रश्नचिन्ह, आणि शेजारी: ‘पुन्हा?’

“पासपोर्ट त्यांच्याकडेच राहिला,” बाई म्हणाल्या, “पण ही बरोबर घेतली. हिशेब चुकला म्हणाले तर?”

त्या दिवशी तेच नऊ प्रश्न रोजच्या मराठीत, सावकाश विचारले. बेरीज १७. अहवालात दोन्ही आकडे दिले आणि फरक का पडला तेही लिहिलं.

मग वकिलांचा फोन. पीटीएसडी, म्हणजे जबर आघातानंतर होणारा मानसिक आजार, लिहिता आलं तर केस मजबूत होईल, असं त्यांचं म्हणणं. मोह पडण्यासारखी गोष्ट होती, कारण त्याच्या २० प्रश्नांच्या यादीत बाईंचे ८० पैकी ३८ आले होते. सहसा ३१ ते ३३च्या पुढे शंका घेतात. पण या निदानाची पहिलीच अट अशी की मृत्यू, गंभीर इजा किंवा लैंगिक हिंसा यांतलं काही घडलेलं असावं, निदान तशी धमकी तरी. मी तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारलं होतं. तिन्ही वेळा उत्तर ‘नाही’. लाल पेन या अटीत बसत नाही. मी नैराश्याचं निदान लिहिलं आणि ‘मारहाण झाल्याचं त्या सांगत नाहीत’ हे वाक्य पहिल्याच पानावर घातलं. वकील थोडे नाराज झाले. होऊ देत. घरात काय घडलं याची साक्ष मी देऊ शकत नाही. त्या सांगतात ते आणि मला दिसतं ते एकमेकांशी जुळतं का, एवढंच मी लिहू शकते. इथे ते जुळत होतं. पावत्यांवर मी दीड पान लिहिलं. अहवालातला तेवढाच भाग मला मनापासून पटलेला आहे.

निघताना बाईंनी फाइल पिशवीत घातली, पुन्हा बाहेर काढली.

“ही आता टाकून देऊ ना?”

“छे छे,” मी घाईने म्हटलं. “वकिलांना दाखवा. एकही पावती टाकू नका.”

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. “तेही हेच म्हणायचे,” म्हणाल्या आणि फाइलचा रबर नीट बसवू लागल्या.