एकाच पोराचे दोन फॉर्म

कोल्हापुरात फुटबॉल हा पेठांचा खेळ. ज्या तालमींत पैलवान घडले, त्यांच्याच नावानं संघ उतरतात आणि शाहू स्टेडियमवर अख्खी पेठ लोटते. 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव इथलाच. त्यामुळं खेळाडू नोंदणीच्या शेवटच्या दिवशी आमच्या फुटबॉल संघटनेच्या कार्यालयात काय ताण असतो, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी फॉर्म लावताना एकच चेहरा दोनदा समोर आला. तोच फोटो, तोच शाळेचा शर्ट, संघ मात्र दोन. एका वेळी एकाच क्लबकडं नोंदणी, हा नियम फिफापासून गल्लीपर्यंत सारखाच आहे. मी दोन्ही संघांच्या लोकांना आणि पोराच्या वडिलांना बोलावलं.

दोन्ही सह्या पोराच्याच होत्या. एक सरळ, नीट. दुसरीच्या रेषा खडबडीत, कागद मोटारसायकलच्या सीटवर ठेवून केल्यासारख्या. त्या फॉर्मवर नाव, पत्ता, तारीख सगळं वेगळ्याच अक्षरात. पालकाच्या सहीची जागा कोरी.

दोन्हीकडचे आवाज चढले, तेव्हा मी सगळ्यांना बाहेर काढलं. आत बाप-लेक आणि समितीचे आम्ही. पोरगं सतरा वर्षांचं, मान खाली.

"कोरा होता काय रं फॉर्म?"

"व्हय. सरावानंतर सही घेतली. बूट दिलते त्यांनी." मग हळूच म्हणाला, "मला आमच्याच पेठेकडनं खेळायचंय."

वडील एवढंच म्हणाले, "साहेब, बूट परत देतो. पोराचं वर्ष वाया घालवू नका."

कित्येक घरांत चांगले बूट ही न परवडणारी गोष्ट आहे. ते देणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण त्या बदल्यात अल्पवयीन पोराची कोऱ्या कागदावर सही घेणं मला अजिबात मान्य नाही. समितीनं तो फॉर्म बाद केला, पालकाची सही असलेला ग्राह्य धरला आणि पोराला लेखी ताकीद देऊन सोडलं.

बाहेर गोंधळ उडाला. "आमी स्पर्धेतनं संघच काढतो!"

"काढा. पण लेटरहेडवर लिहून द्या," मी म्हणालो.

कार्यालय बंद होईपर्यंत पत्र आलं नाही. संघ खेळला, पोरगंही त्या हंगामात आपल्या पेठेकडून राईट विंगला खेळलं. बूट त्याच्या वडिलांनी स्वतः नेऊन दिले.

अठराच्या आतल्या खेळाडूनं पालकांसह कार्यालयात येऊनच सही करायची आणि फॉर्मची प्रत घरी न्यायची, असा ठराव मी पुढच्या बैठकीत मांडला आणि तो मंजूर झाला. आता नोंदणीला रांग लांबते. कामाचा खाडा करून आई-बाप येतात, त्याचं मला वाईट वाटतं. म्हणून त्यांच्यासाठी रात्री उशिरापर्यंत कार्यालय उघडं ठेवतो.