अर्ध्या दंडाचं आमिष

इंग्लंडमध्ये कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, लावलेल्या पार्किंगच्या दंडाविरुद्ध भांडायचं असेल, तर एकही पेनी भरू नका. ‘आधी भरून टाकू, मग परत मागू’ हा आपला हिशेब इथे चालत नाही. पैसे भरले की प्रकरण बंद.

माझा दंड ७० पौंडांचा, रहिवाशांच्या राखीव जागेत परमिटशिवाय गाडी लावली म्हणून. १४ दिवसांत भरला तर ३५. पाटी होती, पण झाडाच्या फांदीआड. गाडीतून सोडाच, फुटपाथवर उभं राहूनही वाचता येत नव्हती. मी तिथल्या तिथे फोटो काढले: ड्रायव्हरच्या सीटवरून, रस्त्यापलीकडून, अगदी खांबाखालून. त्याच रात्री ते जोडून ऑनलाइन हरकत पाठवली.

मग आलं ते उत्तर. आठवलं की अजून डोकं फिरतं. भलंमोठं पत्र, पण त्यात फांदीचं नाव नाही, फोटोंचा उल्लेख नाही. काय, तर ‘फलक वाचूनच गाडी लावणं ही चालकाची जबाबदारी आहे.’ अहो, तेच तर म्हणतेय मी, वाचायला दिसू तर दे! माझी हरकत कुणी उघडून तरी पाहिली होती का, देव जाणे. ठळक अक्षरांत मात्र एकच गोष्ट: अजून १४ दिवस ३५ पौंडांतच मिटवता येईल. बहुतेक लोक इथेच ढेपाळत असणार. आमच्या घरातही ‘भरून टाक गं, कशाला डोक्याला ताप’ सुरू झालं. ३५ पौंडांपेक्षा मला त्या पत्राचा राग जास्त होता.

नाही भरायचं ठरवलं, की पुढे वाट पाहण्याशिवाय आपल्या हातात काहीच उरत नाही. ही पहिली हरकत अनौपचारिक धरतात. औपचारिक हरकत घ्यायला ‘नोटीस टू ओनर’, म्हणजे गाडीच्या मालकाच्या नावाची कौन्सिलची नोटीस, यावी लागते. दंड झाल्यापासून २८ दिवस व्हायच्या आत ती पाठवत नाहीत, आणि त्यानंतर नेमकी कधी, हे फोनवर कुणी सांगेल तर शपथ. आधी रेकॉर्ड केलेला आवाज पैसे कसे भरायचे ते सांगणार, मग ताटकळवणार, मग कुणीतरी गोड आवाजात म्हणणार, ‘पोस्टाने येईल.’ रोज दाराशी पडलेली पत्रं चाळायची. पण नोटीस आल्यावर गप्प बसू नका. मुदतीत ना पैसे ना हरकत, तर दंड दीडपट होतो, म्हणजे ७० चे १०५.

या वाट पाहण्यातच मला खरा पुरावा मिळाला. कौन्सिलच्या वेबसाइटवर दंडाचा आणि गाडीचा नंबर टाकला की दंड लावणाऱ्या वॉर्डनने काढलेले फोटो दिसतात. त्यात पाटी अगदी स्वच्छ! फक्त तिच्यामागे हिरवं फाटक होतं, आणि माझ्या गाडीमागे विटांची भिंत. पाटी रस्त्याच्या दुसऱ्या टोकाची. तेव्हा तुम्ही हे फोटो पहिल्याच दिवशी बघा आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा.

नोटीस आली, हरकत घेतली, तीही फेटाळली गेली. (या हरकतीला कौन्सिलने ५६ दिवसांत उत्तर द्यायचं असतं, नाही दिलं तर दंड रद्द. माझं नशीब कुठलं एवढं!) फेटाळल्याच्या पत्रानंतर २८ दिवसांत ट्रॅफिक पेनल्टी ट्रायब्युनलकडे अपील करता येतं. लंडनसाठी वेगळं ट्रायब्युनल आहे. फी नाही, वकील लागत नाही, निर्णय देणारा कौन्सिलचा माणूस नसतो. मी भिंत आणि फाटक शेजारीशेजारी ठेवून अपलोड केले आणि खाली दोन वाक्यं लिहिली. सुनावणीची वेळच आली नाही. कौन्सिलने आपण हे प्रकरण लढवणार नसल्याचं कळवलं आणि दंड रद्द झाला. दिलगिरीचा एक शब्द नाही. तरी ती ईमेल मी घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली, ‘भरून टाक’वाल्यांना तर दोनदा.

हरकत पोस्टाने पाठवणार असाल तर पोस्ट ऑफिसात पाठवल्याची पावती मागा, फुकट मिळते. आणि हो, सुपरमार्केटच्या आवारात खासगी कंपनीने चिकटवलेला कागद अगदी असाच दिसतो, पण त्याला यातलं काही लागू नाही. त्यांची अपिलाची वाट वेगळी. म्हणून कागदावर कौन्सिलचं नाव आहे ना, ते आधी बघा.