तुम्ही विचारलंत म्हणून: चार माणसांचं डिझाइन ऑफिस पर्यावरणाचं काय करणार?

पुण्यात नारायण पेठेत आमचं छोटं डिझाइन ऑफिस आहे, चार माणसं, लोगो, ब्रोशर, पॅकेजिंग असली कामं, आणि कोटेशनखाली आम्ही 'लॅमिनेशन आणि फ्लेक्स करत नाही' असं लिहितो म्हणून जवळपास प्रत्येक नवीन क्लायंट विचारतोच, अहो तुम्ही एवढेसे, तुमच्याने काय फरक पडणार? मीटिंगमध्ये घाईत काहीतरी सांगितलं जातं, आज नीट लिहिते.

सुरुवात झाली ती कचरा नेणाऱ्या मावशींमुळे. आमच्या बिल्डिंगचा कचरा 'स्वच्छ'च्या मावशी नेतात ('स्वच्छ' म्हणजे कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था, १९९३ साली सुरू झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून उभी राहिलेली). एकदा जुन्या ब्रोशरचा गठ्ठा त्यांना दिला, चांगला जाड आर्ट पेपर, मला वाटलं खूश होतील. त्यांनी एक उचललं, कव्हरचा कोपरा धरून फाडला. कागद फाटला पण वरची फिल्म फाटेना, नुसती ताणली गेली आणि पांढरी पडून लोंबत राहिली. "ताई, ह्याला प्लास्टिकय, हे रद्दीत नाय चालत," म्हणाल्या आणि जिन्यात बसून एकेक कव्हर फाडून वेगळं काढायला लागल्या. ती प्लास्टिकची फिल्म म्हणजेच मॅट लॅमिनेशन, आणि ते मीच निवडलं होतं, हाताला मऊ लागतं म्हणून.

त्या दिवसापासून मला पक्कं कळलंय की कचरा किती होणार आणि कसला होणार हे फाइल प्रेसला जायच्या आधीच, आमच्या टेबलावर ठरलेलं असतं.

साइजचंच बघा. १८ बाय २३ इंचाची शीट घ्या, त्यावर साडेआठ इंची चौकोनी पानं एका बाजूला चारच बसतात आणि जवळपास ३० टक्के कागद कटिंगला जातो. त्याच शीटवर साडेपाच बाय साडेआठची आठ पानं बसतात, कातरण १० टक्क्यांच्या आत. चौकोनी ब्रोशर दिसतं छान, मलाही आवडतं, पण हे गणित क्लायंटला कागदावर काढून दाखवलं की दहातले सात-आठ जण स्वतःच साइज बदलतात, कारण कागदाचे पैसे त्यांचेच वाचतात ना.

लॅमिनेशन लोक मागतात ते बऱ्याचदा घडीवर कागद तडकतो म्हणून. त्याला आधी क्रीझिंग (घडीच्या रेषेवर दाबून खाच) करून घ्यायचं, कागदाचा ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, घडीला समांतर ठेवायचा, आणि ३०० जीएसएमच्या जाड कागदाचा हट्ट सोडायचा, मग फिल्मऐवजी वॉटर बेस्ड वॉर्निशच्या पातळ लेपावर काम छान निघतं. आता प्रेसमधून सॅम्पल आलं की आम्ही आधी कोपरा फाडून बघतो, मावशींनी फाडला तसाच.

फ्लेक्सबद्दल फार बोलत नाही, तो पीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकच असतो, वाढदिवस संपला की त्याचं काय होतं ते कुठल्याही चौकात दिसतं. त्यापायी दोन चांगले क्लायंट गेले आणि ते महिने खरंच ओढाताणीचे होते, तरी निर्णय बदलला नाही. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्डांना मात्र आम्ही शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचं नाव आवर्जून सुचवतो, १९४० पासूनची संस्था आहे, सुती चिंध्यांचा लगदा करून कागद बनतो, झाड लागत नाही, आणि त्यावर स्क्रीन प्रिंटिंग इतकं सुंदर उठतं की लोक कार्ड हातात फिरवत बसतात.

अडलंय ते हॉटेलच्या मेनूकार्डापाशी. तेलकट हात, ओलं टेबल, रोज फडक्याने पुसणं, साधा कागद आठवडाही टिकत नाही. सध्या एका खानावळीत भिंतीवर काळी पाटी लावून खडूने रोजचे पदार्थ लिहायला सुरुवात केलीये, पण मोठ्या मेनूला ते जमणार नाही. कुणी लॅमिनेशनशिवाय काही करून बघितलं असेल आणि टिकलं असेल, तर मला नक्की सांगा.