सर्व्हर न विकता उभी राहिलेली फर्म

तुर्भ्याच्या एमआयडीसीत एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर आमचं काम सुरू झालं. कॉम्प्युटर जोडून देणं, केबल ओढणं, प्रिंटर दुरुस्ती असं सगळं करायचो. गिऱ्हाईक बहुतेक वाशीच्या एपीएमसीतलं, मसाला मार्केट आणि दाणा बंदर. तक्रार सगळीकडे एकच, "सिस्टीम स्लो चालते." त्यावर बाजारातलं उत्तरही एकच होतं, नवा सर्व्हर, म्हणजे सगळ्यांचा डेटा ठेवणारं मुख्य मशीन, घ्या. कमिशन चांगलं सुटायचं. पण नवा सर्व्हर बसल्यावरही बिल निघायला तेवढाच वेळ लागतो, हे मी बऱ्याच पेढ्यांवर पाहिलं होतं. म्हणून आम्ही ठरवलं, वेळ नेमका कुठे जातो ते आधी शोधायचं, खरेदीचं नंतर बघू.

मसाला मार्केटमधल्या एका पेढीचं काम अजून लख्ख आठवतं. बिलाचा प्रोग्रॅम फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरमधला, डेटा एका मशीनच्या शेअर्ड फोल्डरमध्ये. सकाळी मेहताजी एकटे असले की बिलं भराभर निघायची. दुसऱ्या टेबलावर कुणी प्रोग्रॅम उघडला की दोघांचंही काम रखडायचं. शेठ म्हणाले, "लोड येतो, मशीन जुनं झालंय." दोन माणसांचा असा कितीसा लोड? प्रोसेसर तर निवांत बसून होता.

फाइल एकट्यानेच उघडलेली असेल तर विंडोज तिचा वाचलेला भाग त्याच्याच मशीनवर राहू देतं. दुसऱ्याने तीच फाइल उघडली की ही सवलत जाते आणि तोच भाग पुन्हा पुन्हा केबलवरून आणावा लागतो. शिवाय अशा फाइलमधली शोधाशोध सर्व्हर करत नाही, समोरचं मशीन करतं. पार्टीच्या नावावर इंडेक्स, म्हणजे पुस्तकाच्या सूचीसारखी यादी, नसेल तर एका नावासाठी अख्खी फाइल ओढली जाते. १०० एमबीपीएसच्या नेटवर्कवर सेकंदाला फार तर १२ एमबी येतात, म्हणजे ३०० एमबीच्या फाइलला २५ सेकंद, तेही दुसरं कुणी नेटवर्क वापरत नसेल तर. आम्ही इंडेक्स लावले, डेटाचा फोल्डर अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळला आणि पुढे सवडीने सगळा डेटा एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस या डेटाबेसवर नेला, तिथे शोधाशोध सर्व्हरच करतो. ते फुकट मिळतं, तेव्हा एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा होती, पेढीला ती पुष्कळ होती. पहिलं बिल बाहेर आलं तेव्हा मेहताजींनी बेरीज पुन्हा हाताने ताडून पाहिली. इतक्या लवकर आलं म्हणजे काहीतरी राहिलं असणार, अशी त्यांना शंका! त्या पेढीने आम्हाला शेजारच्या गाळ्यांत नेलं, आणि तिथून एएमसीची, म्हणजे वार्षिक देखभाल कराराची, कामं यायला लागली.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि दुखणं बदललं. बिलाच्या ओळीओळीला एचएसएन कोड (मालाच्या प्रकाराचा क्रमांक) आणि कराचा दर पाहणं आलं. महापेच्या एका कारखान्याचं दुसरं ऑफिस ठाण्यात, वागळे इस्टेटला; डेटाबेस महाप्यातच. एकच रिपोर्ट महाप्यात दोन-तीन सेकंदांत यायचा, ठाण्यात मिनिटभर थांबावं लागायचं. त्यांनी लाइन २० एमबीपीएसवरून १०० वर नेली होती, तरी फरक शून्य. आम्ही दोन आकडे काढले. दोन ऑफिसांमधला पिंग, म्हणजे एका फेरीला जाऊन यायला लागणारा वेळ, २५ मिलिसेकंद. रिपोर्टमध्ये ८०० ओळी आणि प्रत्येक ओळीला स्टॉक, दर, कर अशा तीन वेगळ्या क्वेरी, म्हणजे डेटाबेसला केलेल्या विचारणा. एकूण २,४०० फेऱ्या, गुणिले २५ मिलिसेकंद, बरोबर ६० सेकंद. माथाड्याला गोदामातून दरखेपेला एकच पुडी आणायला सांगितलं तर रस्ता कितीही रुंद करा, वेळ तेवढाच लागणार. आमच्याकडच्या मुलीने तिन्ही क्वेरी एका जॉइनमध्ये बांधल्या, म्हणजे सगळं एकदमच मागवलं, आणि ठाण्यातही रिपोर्ट तीन सेकंदांत यायला लागला. सोर्स कोड हाती नसेल तिथे आम्ही रिमोट डेस्कटॉप देतो, म्हणजे प्रोग्रॅम डेटाबेसच्या शेजारीच चालतो आणि केवळ स्क्रीन लांब जाते.

केबलचे घोटाळेही कमी नसतात. गिगाबिटला (१,००० एमबीपीएसला) केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या शाबूत लागतात, १०० एमबीपीएसला ठरावीक दोन पुरतात. खुर्चीच्या चाकाखाली उरलेल्या दोनांतली एक जोडी तुटली तर बऱ्याचदा नेटवर्क बंद पडत नाही, गुपचूप दहापट संथ होतं, आणि कुणाला पत्ता लागत नाही. म्हणून आमची मुलं स्वतःची केबल घेऊनच जातात. तीच क्वेरी आधी सर्व्हरवर बसून चालवतात, मग त्या केबलवर, मग गिऱ्हाइकाच्या टेबलावरून. सेकंद कुठे वाढले ते तिथल्या तिथे दिसतं. मालकालाही आम्ही शेजारी उभं करतो. पैसे त्याचे आहेत, त्याला दिसलंच पाहिजे.

हल्ली बरेच जण डेटाबेस क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या भाड्याच्या सर्व्हरवर, हलवतात आणि प्रोग्रॅम ऑफिसातल्या मशीनवरच ठेवतात. पिंग वाढतो आणि २,४०० फेऱ्यांचं गणित नव्याने सुरू होतं. हलवायचं तर दोन्ही एकत्र हलवा, हे आम्ही कोटेशनच्या पहिल्या पानावरच लिहितो. आणि फोन करण्याआधी एवढं टिपून ठेवा: कोणता स्क्रीन, कोणतं टेबल, दिवसाची कोणती वेळ, किती सेकंद, आणि त्या वेळी आणखी कोण काम करत होतं.